काठावरचा निकामी दगड

अमेरिकेहून परत आल्यापासून देवपुरातल्या बायका मला नायगाराबद्दलच विचारतात. पाहिला बाई नायगारा. भिजलो, फोटो काढले, तिथे मिळालेले निळे प्लास्टिकचे रेनकोट घडी घालून धुळ्यापर्यंत आणले. पण त्या प्रवासातलं जे पाणी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, ते घोट्याएवढं होतं. त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि मीही आपणहून सांगत नाही. आज सांगते.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे पगार थांबला, खातं काही सुटलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बसमधून जाताना खिडकीतून एखादा कालवा दिसला की हे मान वळवून गळती शोधणार. माझ्या भावाच्या लग्नात मांडवाशेजारचा पाट फुटला होता, तर नवरदेवाच्या वरातीत जायचं सोडून हे फावडं घेऊन पाटात उतरले होते. असा माणूस घेऊन मी अमेरिकेला गेले.

जर्सी सिटी

पहिले काही दिवस आम्ही इराकडे राहिलो. इरा म्हणजे माझ्या दिरांची, शरदभाऊजींची मुलगी. जन्म तिकडचाच. जर्सी सिटीत उंच इमारतीत तिचं घर आहे, खिडकीतून मॅनहॅटनला जाणाऱ्या गाड्या दिसतात. लिफ्टमध्ये निम्मी मुलं आपलीच. एकानं मला अगदी आपुलकीनं विचारलं, "काकू, पुण्याच्या का?" धुळ्याची म्हटल्यावर तो जरा विचारात पडला आणि मग त्याचा मजला आला.

इरा जुन्या जागांचा अभ्यास करते, जमिनीखालचं उकरून वय सांगते. या नादाला तिला आमच्या यांनीच लावलं. ती लहानपणी सुट्टीत धुळ्याला आली की हे तिला स्कूटरवर पुढे उभी करून पांझरा नदीवरचे जुने फड बंधारे दाखवायला न्यायचे. फड म्हणजे गावानं मिळून बांधलेला बंधारा आणि गावानं मिळून वाटून घेतलेलं पाणी. ती विचारायची, "काका, हे कुणी बांधलं?" हे म्हणायचे, "कुणाला माहीत. तूच मोठी होऊन सांग मला." पोरीनं ते मनावर घेतलं. भाऊजींना तिला कॉम्प्युटरमध्ये घालायचं होतं. यांनी फोनवर पोरीची बाजू घेतली, भाऊजी म्हणाले, "दादा, तुला काय जातं तिकडे बसून बोलायला!" आणि तेव्हापासून दोघा भावांत कामापुरतं बोलणं उरलं. दिवाळीला शुभेच्छा, कुणी गेलं तर निरोप. बस.

जेवताना इरानं तिचं सध्याचं काम सांगितलं. भाऊजीही त्या दिवशी आले होते. घरात विजेची शेगडी, त्यामुळे भरिताची वांगी काही भाजता येईनात म्हणून मी वरणभातावर भागवलं होतं.

उत्तर न्यू जर्सीतल्या एका नदीत दगडांची एक रांग आहे. वरून बघितली तर इंग्रजी व्हीसारखी दिसते. तिनं फोनवर आकाशातून काढलेला फोटो दाखवला. दोन्ही काठांकडून दगडांचे दोन हात येतात आणि नदीच्या मध्यावर एक फट ठेवलेली. मासे पाण्याबरोबर खाली येतात, हातांमधून त्या फटीकडे ढकलले जातात आणि फटीत टोपली लावलेली असते. "फिश ट्रॅप आहे, काका. स्टोनचा."

"किती जुना?" यांनी विचारलं.

"तेच तर भांडण आहे." तिनं ताट बाजूला सारलं. गावात पूर येतो म्हणून तिथल्या लोकांना नदीचा तळ खोल करायचाय. काही जण म्हणतात, हे दगड गोऱ्या शेतकऱ्यांनी ईल मासे धरायला लावलेत, त्यात काय एवढं, उचला. इराचं म्हणणं, हे त्याच्या कितीतरी आधीचं आहे. तिथे पूर्वी लेनापे लोक राहायचे, त्यांना तिथून हुसकावून पार पश्चिमेला पाठवलं, त्यांचं आहे हे. "प्रूव्ह करता आलं ना, की मग त्याला टच करणं इझी नाही. नाही आलं, तर गेलं."

"आणि दगडाचं वय कसं काढणार? दगड तर दगडच."

मग तिनं जे सांगितलं ते मला फार आवडलं होतं. दगडाचं वय काढत नाहीत, त्याच्याखालच्या वाळूचं काढतात. वाळूच्या कणाला ऊन लागलं की त्याच्यातलं घड्याळ शून्यावर येतं. वर दगड ठेवला, अंधार झाला, की ते चालू लागतं. प्रयोगशाळेत ते वाचता येतं. फक्त मधे त्या वाळूला उजेड दिसता कामा नये. काळ्या कापडाखाली शिरून, मिणमिणत्या लाल दिव्यात ती वाळू नळीत भरायची.

हे म्हणाले, "पण बंधारा दर वर्षी दुरुस्त करतात. वरचे दगड हलतात. तुला शेवटच्या दुरुस्तीचं वय मिळेल, बांधणीचं नाही."

इरा इतकी खूश झाली की उठून तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकला. "बाबा, बघा! माझ्या प्रोफेसरनं हाच क्वेश्चन विचारला होता!" म्हणूनच तिनं अगदी तळचा, रुतून बसलेला, पाण्याबाहेर काठाला असलेला दगड निवडला होता. लेनापे लोकांच्या वतीनं बोलायला डोना नावाच्या बाई ओक्लाहोमाहून येणार होत्या. त्यांच्याकडच्या मंडळींना हे उकरणंच पसंत नव्हतं. पुष्कळ समजावल्यावर त्यांनी एक दगड उचलायला होकार दिला होता. एकच.

"जागा नेमकी कुठे?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्हाला नाही सांगणार, बाबा. तुम्ही ग्रुपवर टाकाल. मग लोक येतात, दगड घेऊन जातात. काका-काकूंना मी तिथेच नेऊन दाखवणार, डोना आली की."

आम्ही सगळे हसलो, कारण भाऊजी खरंच सगळं ग्रुपवर टाकतात. जाऊबाई गेल्यापासून जास्तच.

नदीकाठी, भरिताच्या दिवशी

डोनाबाईंना आणायला इरा विमानतळावर जाणार होती, म्हणून तो दिवस आम्हाला मोकळा होता. भाऊजी गाडी घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, तुमच्या भरिताची सोय केली. एका पार्कात कोळशाच्या शेगड्या आहेत, आमच्या मंडळाची पिकनिक असते तिथे. नदी पण आहे, दादाला बरं."

ती नदी इराचीच, एवढं त्यांना माहीत होतं. पण नदी लांबच लांब असते. त्या नदीवर एवढ्या ठिकाणांतून नेमकं हेच निघेल असं कुणाच्या मनात यावं?

सप्टेंबर होता. झाडांची एखाद-दुसरी फांदी पिवळी पडू लागलेली. नदीला पाणी कमी, तळाचे गोटे दिसत होते. पार्क इतका स्वच्छ की मला वांग्याची सालं कुठे टाकावी याचाच संकोच वाटला. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब जेवत होतं. त्यांनी हात हलवून हसून हॅलो केलं आणि परत एकदाही आमच्या पानात डोकावून पाहिलं नाही. आपल्याकडे एव्हाना दोन वाट्यांची देवाणघेवाण झाली असती. एक म्हातारेबुवा मात्र कुत्रा फिरवताना वासानं थांबले. त्यांना भाकरीच्या तुकड्यावर भरीत दिलं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थँक यू म्हणत राहिले. मिरची धुळ्याची होती, त्यांचा दोष नाही.

मी वांगी फिरवत होते तेवढ्यात यांचा आवाज ऐकला. "शरद, हा बंधारा फुटलाय रे."

बघते तर हे पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात. समोर दगडांची एक बुटकी रांग नदीत आडवी गेलेली, मधे तुटलेली, आणि त्या तुटलेल्या जागेतून पाणी वेगानं पळत होतं. काठावर उभं राहून तिचा व्ही बिलकूल दिसत नव्हता. जुना मोडका बंधारा दिसावा तशीच ती दिसत होती. मला तरी.

भाऊजी म्हणाले, "फुटू दे. आपला आहे का?"

"बंधारा कुणाचाही असो. ये इकडे, दोघांचं काम आहे."

आणि भाऊजी, ज्यांना डॉक्टरनं वाकायला मनाई केलीय, ते बूट काढून गेले. लहानपणी हे दोघे आजोबांबरोबर फडाच्या दुरुस्तीला जायचे. पावसाळा संपला की घरटी एक माणूस आणि माणसामागे चार दगड, असा गावचा रिवाज होता. पोरांना लहान दगड. ते सगळं दोघांच्या अंगात अजून होतं. कुठला दगड कुठल्यावर टेकवायचा, फटीत दगडाच्या चिपा कशा ठोकायच्या, हे न बोलता चाललं होतं. पायाला मोठा चपटा दगड मिळेना. तेव्हा हे काठाकडे बघून म्हणाले, "तो बघ, तो तिथं निकामी बसलाय. त्याच्यापर्यंत पाणीच येत नाही." दोघांनी एक जाड फांदी खाली घालून तो उचकटला. चांगलाच रुतलेला होता, बराच वेळ लागला. निघाला तेव्हा दोघं मागच्या मागे पाण्यात बसले आणि हसत सुटले. भाऊजी हसताना अगदी आमच्या सासऱ्यांसारखे दिसतात, हे मी कित्येक वर्षांत विसरून गेले होते.

माझे हात वांग्याच्या काळ्या सालींनी भरलेले. ते पुसून मी फोटो काढला. दोघं भिजलेले, कमरेवर हात, मागे बुजवलेली फट. मला रडू येत होतं, खरं सांगते. इतक्या वर्षांचा अबोला एका फुटक्या बंधाऱ्यानं मिटवला होता. मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'खातं रिटायर झालेलं नाही.' नाशिकहून, पुण्याहून पटापट हसरे चेहरे आले.

मग इराचा फोन आला. वडिलांना नाही, मला.

"काकू, ते झाड. फोटोत मागे ते वाकडं झाड आहे. तुम्ही कुठे आहात?"

मी पार्कचं नाव सांगितलं.

"काठावरचा मोठा फ्लॅट स्टोन. तो आहे ना अजून? काकू, प्लीज, कुणाला टच करू देऊ नका."

मी वळून बघितलं. जिथे तो दगड होता तिथे ओलसर, फिकट वाळूचा एक खड्डा होता आणि त्यावर दुपारचं लख्ख ऊन पडलेलं होतं. मी धावले. खांद्यावरचा पदर खड्ड्यावर धरला. साडीचा पदर, पांढरा, सुती. तो काय उजेड अडवणार? तरी मी तशीच वाकून उभी राहिले आणि हे लांबून विचारत होते, "काय झालं? काही सापडलं का?"

करायला गेले गणपती आणि झालं माकड, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आले. त्या दिवशी मला ते म्हणायचंही सुचलं नाही.

तिथेच, दुसऱ्या दिवशी

इरानं आम्हाला यायला सांगितलं नव्हतं. यांनी हट्ट केला. "तिला तोंड न दाखवता मी विमानात बसणार नाही."

डोनाबाई माझ्याच वयाच्या. आखूड कापलेले केस, गुडघ्याला पट्टा, हातात कॉफीचा कागदी पेला. उतारावरून खाली येताना मी हात दिला, तो त्यांनी घेतला. इरानं त्यांना सगळं आधीच सांगितलेलं होतं. ती आमच्याशी बोलली, पण नजरेला नजर दिली नाही. "इट्स ओके, काका." हे तिनं इतक्यांदा म्हटलं की ओके नाही हे कुणालाही कळलं असतं.

तरी तिनं काळं कापड पसरलं. खड्ड्याच्या कडेला, खोलवर कुठे ऊन पोचलं नसेल अशी वेडी आशा. कापडाखाली ती बराच वेळ होती. वर आली तेव्हा कपाळाला वाळू लागलेली होती. म्हणाली, "सगळं मिक्स झालंय. पाणी पण शिरलंय आत." तुम्ही फांदीनं उचकटलंत त्यामुळे, हे ती बोलली नाही.

यांनी विचारलं, "म्हणजे आता या वाळूला विचारलं तर ती काय सांगेल?"

"काल, काका. ती म्हणेल काल."

हे खालमानेनं उभे राहिले. मग म्हणाले, "दुसरा दगड बघ ना. त्या बाजूला आहे तसाच एक रुतलेला. मी काल पाहिला."

इरानं डोनाबाईंकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं. डोनाबाईंनी पेला एका खडकावर ठेवला. शांतपणे म्हणाल्या की घरच्यांना मी एक दगड सांगून आले आहे. एक झाला. आता दुसरा कुठल्या तोंडानं सांगू? त्यांच्यात तो एक मिळवायलाही खूप दिवस बसावं लागलं होतं. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

यांनी हात जोडले. इंग्रजी यांचं बरं आहे, पण त्या वेळी मराठीतच बोलले, "माझ्या हातून मोठं चुकलं." इरा भाषांतर करायला लागली, तर डोनाबाईंनी हातानंच थांबवलं. कळलं म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडेही असं आहे का? यांनी फडाचं सांगितलं. घरटी माणूस, माणसामागे दगड, पाण्याच्या पाळ्या. बाई ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, आमचे लोकही इथं दर वर्षी येऊन दगड लावत असतील. कसे लावत, काय म्हणत लावत, ते सांगणारं कुणी राहिलं नाही.

हे पुढे झाले. "निदान तो दगड परत जागेवर ठेवू द्या. मला बरोबर जागा माहिती आहे."

"नो वन टचेस एनिथिंग!" इरा ओरडली.

हे दोन पावलं मागे सरले. ज्या पोरीला स्कूटरवर पुढे उभी करून बंधारे दाखवले, तिच्यापासून ते असे मागे सरले, हे मला पाहवलं नाही. मी नदीकडे तोंड केलं. बुजवलेल्या फटीपाशी पाणी तुंबलं होतं आणि दगडांवरून पातळ सांडत होतं. काम सुरेख झालं होतं. एक थेंब गळत नव्हता.

येताना वाटेत इरानं सगळ्यांसाठी सफरचंदाच्या रसातले गरम डोनट घेतले. तिकडे शरद ऋतूत ते खातात म्हणे, आपल्याकडे कोजागिरीला दूध तसं. पिशवी मांडीवर घेऊन मी बसले आणि कुणीच हात लावला नाही.

नंतरचं

नायगारा वगैरे त्यानंतर झालं. भाऊजींनी सुट्टी काढून आम्हाला सगळीकडे फिरवलं. गाडीत पुढे दोघे भाऊ बसायचे आणि खालच्या आवाजात तेच तेच बोलायचे. तो दगड मीच दाखवला. नाही दादा, फांदी मी आणली. एकमेकांचा दोष स्वतःवर ओढून घ्यायची चढाओढ. आता ते रोज फोनवर बोलतात, तास तास बोलतात. भाऊ परत मिळाला, पण असा मिळायला नको होता. पोरीच्या जिवावर मिळाला.

इरा विमानतळावर सोडायला आली होती. माझ्या पाया पडली, यांच्याही पडली. यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायला विसरले. मागची माणसं ढकलायला लागली तेव्हा काढला.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "काकू, स्पीकरवर ठेवा. काकांनी माझ्याकडूनच ऐकायला हवं." गावाच्या सभेत ठरलं होतं. पुराचं पाणी ज्यांच्या तळघरात शिरतं त्यांचंही काही चुकत नाही, असं ती स्वतःच म्हणाली. वय सिद्ध नाही, तेव्हा नदीचा तळ खोल करायला हरकत नाही. वसंतात यंत्रं येतील. तिचा अहवालही पुरा झाला होता. त्यात झालेलं सगळं लिहावं लागतं, लपवता येत नाही. तिनं एक वाक्य आधी इंग्रजीत वाचलं आणि मग अडखळत मराठीत सांगितलं. बांधकामाचा काळ ठरवता आला नाही. बांधावरचं सगळ्यात अलीकडचं काम या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये दोन वयस्क व्यक्तींनी केलं, त्या संशोधकाच्या नातेवाईक आहेत.

"खाली नाव कुणाचं?" यांनी विचारलं.

"माझं, काका. रिपोर्ट माझा आहे ना."

हे खात्यातल्या आवाजात म्हणाले, "बरोबर लिहिलंस. असंच लिहायला पाहिजे."

फोन माझ्या हातात देऊन ते गॅलरीत गेले. इरा माझ्याशी बोलत राहिली. थंडी पडलीय, कळण्याच्या भाकरीचं पीठ संपलं, असलं काहीबाही. मी हो हो म्हणत होते. ते दगड तिथं पहिल्यांदा कुणी लावले, कधी लावले, ते आता कधीच कळणार नाही. त्या बांधाला एकच पक्की तारीख आहे, आणि ती आमची आहे.